गोल्फ न खेळता गोल्फचा मांगा कसा वाचावा: ‘रोबोट × लेझरबीम’पासून सुरुवात

बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉलवरचे मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आपल्याकडची मुलं झपाट्याने वाचून काढतात. गोल्फचं नाव निघालं की मात्र हात आखडता घेतात. खेळ श्रीमंतांचा, नियम कुणी कधी समजावलेले नाहीत आणि टीव्हीवर पाहावं तर आकाशात एक पांढरा ठिपका जाताना दिसतो, एवढंच. त्यामुळे जपानच्या हायस्कूलमधल्या गोल्फवरचे मांगा बहुतेकांच्या यादीत येतच नाहीत. मला याचं वाईट वाटतं, कारण माणूस एकटा असताना त्याच्या डोक्यात काय चालतं, हे या प्रकाराइतकं नेमकं फार थोड्या क्रीडा-मांगांनी रेखाटलं आहे.

अडचण एकच आहे. पानावर सगळी पात्रं डोळे विस्फारून बघत असतात आणि नवख्या वाचकाला कळत नाही की नेमकं झालं काय. ते कळण्याइतकं गोल्फ शिकायला एक संध्याकाळ पुरते. त्या संध्याकाळी काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: योग्य मालिका, योग्य ठिकाणी

सुरुवात ‘रोबोट × लेझरबीम’ने करा. ‘कुरोकोज बास्केटबॉल’ लिहिणाऱ्या तादातोशी फुजिमाकी यांची ही पुढची मालिका. मार्च २०१७ ते जून २०१८ या काळात ती ‘वीकली शोनेन जंप’ या जपानी मांगा साप्ताहिकात आली आणि ७ खंडांत संपली. नवख्यासाठी हा आकार उत्तम, शनिवार-रविवारात वाचून होते. नायक रोबातो हातोहारा, टोपणनाव रोबो. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, खोटं बोलता येत नाही, चारचौघांत मिसळणं जमत नाही. पण क्लब (गोल्फची काठी) हातात घेतला की बॉल दोरी ताणल्यासारखा सरळ जातो. पुढे त्याची गाठ योझान मिउरा या असामान्य खेळाडूशी पडते आणि आजवर कशाचीच फारशी ओढ नसलेला हा मुलगा गोल्फमध्ये खेचला जातो. याहून जास्त कथा सांगत नाही.

इंग्रजी भाषांतर विझ या प्रकाशन संस्थेचं आहे आणि ते डिजिटल वाचणंच सोयीचं. विझचं ‘शोनेन जंप’ अ‍ॅप भारतात चालतं, त्याची मासिक वर्गणी किरकोळ आहे. फुकटात स्कॅन टाकणाऱ्या साइट्सकडे वळू नका. नैतिकतेचा प्रश्न आहेच, शिवाय गोल्फच्या मांगात एक व्यवहाराचीही अडचण येते: घाईत केलेल्या भाषांतरात यार्ड आणि क्लबचे क्रमांक चुकतात आणि तिथेच सगळा शॉट समजेनासा होतो.

दुसरी पायरी: फोन आडवा धरा

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे एव्हाना बहुतेकांना माहीत असतं. पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात, मग डावीकडे, मग खालची ओळ. चौकटीतले संवादाचे फुगेसुद्धा त्याच क्रमाने. पाच-दहा पानांत डोळ्याला सवय होते.

गोल्फसाठी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बॉलचं उड्डाण दाखवायला चित्रकार बरेचदा समोरासमोरची दोन्ही पानं मिळून एकच मोठं चित्र काढतो. फोन उभा धरला की त्या चित्राचे दोन तुकडे होतात आणि बॉल कुठून निघून कुठे गेला हेच हरवतं. म्हणून फोन आडवा, जमलं तर टॅबलेट. शिवाय क्लब मागे नेलेला असतो त्या चौकटीवर पान संपतं आणि बॉलला क्लब लागतो तो क्षण पान उलटल्यावर येतो, ही मांगाकारांची ठरलेली युक्ती. त्या पानावर क्षणभर थांबा. वारा कुठला आहे, बॉल गवतात किती रुतलाय, समोर पाणी आहे का, हे सगळं आधीच्या दोन-तीन चौकटींत दिलेलं असतं. ते पाहून शॉट कुठे जाईल याचा स्वतः अंदाज बांधा आणि मगच पान उलटा. अशी सवय लावली की वाचनाची गोडी दुपटीने वाढते.

तिसरी पायरी: हिशेब

पूर्ण फेरी १८ होलची. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा एक टप्पा. प्रत्येक होलला ‘पार’ ठरलेला असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूने तितक्या फटक्यांत बॉल भोकात घालावा अशी अपेक्षा. पार ३, ४ किंवा ५ असतो आणि १८ होलची बेरीज बहुधा ७२ भरते. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल, तीन कमी तर अल्बाट्रॉस. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. कमी आकडा चांगला, उणे चिन्ह म्हणजे आनंद. आपल्या क्रिकेटी डोक्याला हे उलटं वाटतं, पण एका प्रकरणात सरावाचं होतं.

आता एक होल कागदावर खेळून बघू. ४२० यार्डांचा पार ४ घ्या. पहिला फटका ड्रायव्हरने, २५० यार्ड (क्लबची नावं पुढच्या पायरीत येतील). उरले १७०. दुसरा फटका ५ किंवा ६ नंबरच्या आयर्नने, बॉल ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर. मग दोन ‘पट’, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवत मारलेले हलके फटके. एकूण चार, म्हणजे पार. पारमध्ये प्रत्येक होलला दोन पट धरलेलेच असतात. हे लक्षात आलं की ‘पार ४ वर दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठली’ ही बातमी बर्डीची संधी आहे, हे कुणी न सांगता कळतं. आणि पहिला फटका झाडीत गेला तर खेळाडू त्याच होलवर नेमका किती मागे पडला, तेही कळतं. वाचताना शेजारी चिठ्ठी ठेवा आणि सामन्याचा स्कोर स्वतः मांडा. पात्रांच्या चेहऱ्यावर ताण का आहे, हे चिठ्ठीकडे पाहिलं की लगेच उमगतं.

चौथी पायरी: क्लब आणि यार्ड

पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. लांब पल्ल्याला ड्रायव्हर आणि वुड, मधल्या पल्ल्याला आयर्न, जवळून उंच उचलून टाकायला वेज, ग्रीनवर पटर. आयर्नचा आकडा जितका मोठा तितका बॉल उंच आणि कमी लांब जातो. हौशी माणसाचा ड्रायव्हर साधारण २०० यार्डांच्या आसपास जातो, अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या पुरुषांची सरासरी ३०० च्या घरात आहे. मांगात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने २८० मारले की तो कुठल्या पातळीवर आहे, हे या दोन आकड्यांवरून ताडता येतं. जपानी गोल्फर होलची लांबी यार्डांत बोलतात आणि पटचं अंतर बहुधा मीटरमध्ये, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही मापं दिसली तर गोंधळू नका.

पाचवी पायरी: सरळ शॉट म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या

ही पायरी कृपा करून वगळू नका, सगळी मालिका हिच्यावर उभी आहे.

नवखा वाचक म्हणतो, ‘बॉल सरळ मारतो, यात विशेष ते काय? ते तर पहिल्याच दिवशी शिकवत असतील.’ प्रत्यक्षात अगदी सरळ जाणारा बॉल ही गोल्फमधली अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे. बॉल कुठल्या दिशेने निघेल, हे मुख्यतः क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारा सपाट भाग, आपटतेवेळी कुठे बघतोय यावर ठरतं. तो हवेत किती वळेल, हे त्या चेहऱ्याची दिशा आणि क्लब ज्या वाटेने येतोय ती वाट यांतल्या फरकावर ठरतं. दोन्ही तंतोतंत जुळले तरच बॉल वळत नाही. थोडा जरी फरक राहिला तरी बॉल तिरका फिरायला लागतो आणि हवेत वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल हळूच उजवीकडे वळला तर फेड, डावीकडे वळला तर ड्रॉ. तेच वळण हाताबाहेर गेलं की स्लाइस आणि हूक.

आकड्यांत सांगतो. २५० यार्डांवर एका अंशाची चूक म्हणजे बॉल सव्वाचार यार्ड बाजूला, जवळजवळ चार मीटर. फेअरवे, म्हणजे होलच्या मधला कापलेल्या गवताचा पट्टा, साधारण ३० यार्ड रुंद धरला तर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पंधरा-पंधरा यार्ड मिळतात. म्हणजे साडेतीन अंशांची चूक झाली की बॉल फेअरवेबाहेर. यात वळण धरलेलंच नाही, ही नुसती निघण्याच्या दिशेची चूक. आणि हे सगळं क्लबचं टोक ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने फिरत असताना सांभाळायचं.

म्हणून जगातले बरेच उत्तम खेळाडू सरळ मारण्याच्या नादी लागत नाहीत. आपलं एक वळण पक्कं करतात आणि त्याचा हिशेब धरून नेम घेतात. फेड मारणारा मुद्दाम डावीकडे बघून मारतो आणि बॉल वळून मध्ये येतो. आता रोबोचा पहिला ड्राइव्ह पुन्हा उघडून बघा. जाणकार पात्रांच्या तोंडून शब्द का फुटत नाही, हे आता कळेल. फुजिमाकींनी आपल्या नायकाला आगीचे लोळ किंवा जादूचं वळण दिलं नाही, सरळपणा दिला. मुलाचा स्वभाव आणि त्याचा फटका एकाच वळणाचे ठेवले. मला ही या मालिकेतली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. गोल्फ न कळणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांसमोरून ती निसटून जाते, याचीच मला हळहळ वाटते.

या ताकदीची मर्यादाही याच ज्ञानातून दिसते. समोर झाड आडवं आलं, होल कोपऱ्यावरून वळला, भोक बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) अगदी मागे कापलेलं असलं, की सरळ शॉटचा उपयोग उरत नाही. तिथे बॉल वळवता यायलाच हवा. पुढची प्रकरणं वाचताना प्रत्येक होलचा नकाशा दाखवणारी चौकट शोधा आणि आधी स्वतःला विचारा: इथे सरळ मारून चालेल का?

सहावी पायरी: सामना कोणत्या पद्धतीचा आहे

स्ट्रोक प्लेमध्ये सगळ्या होलचे फटके मोजतात, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. मॅच प्लेमध्ये प्रत्येक होल वेगळा लढवला जातो. होल जिंकला की एक गुण पुढे, बरोबरी झाली तर कुणालाच नाही. म्हणून मॅच प्लेमध्ये एखाद्या होलवर दहा फटके लागले तरी नुकसान फक्त त्या एका होलचं. दोघांची समोरासमोर जुंपायची असेल तेव्हा मांगाकारांना मॅच प्ले फार उपयोगी पडतो. ‘३ अँड २’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ: दोनच होल शिल्लक असताना एकजण तीन होलांनी पुढे होता, म्हणून सामना तिथेच संपला.

दोन्ही पद्धतींत समोरच्याचा बॉल अडवता येत नाही, त्याला टॅकल करता येत नाही. त्याला हरवायचा एकच मार्ग: आपला पुढचा फटका चांगला मारणं. त्यामुळे मांगात बोलण्यापेक्षा मनातले विचार जास्त येतात. या विचारांचे फुगे बोलण्याच्या फुग्यांपेक्षा वेगळ्या आकाराचे किंवा चौकोनी असतात. ते भराभर उडवून पुढे गेलात तर सामना वाचलाच नाही असं समजा.

सातवी पायरी: शाळा समजून घ्या

जपानी हायस्कूल तीन वर्षांचं, साधारण पंधरा ते अठरा वय. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे नवी मुलं संघात येतात ती वसंतात. वरच्या वर्गातला तो सेनपाई, खालच्या वर्गातला कोहाई आणि हे नातं मैदानावरही टिकतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलाची उन्हाळ्यातली स्पर्धा हरली की त्याचं शालेय गोल्फ संपलं. कुठल्याही जपानी शालेय मांगात ‘शेवटचा उन्हाळा’ हे शब्द आले की एवढं आठवा, मग ते अश्रू उगाच वाटणार नाहीत.

हायस्कूलची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा खरोखर होते. तिला लाडाने ‘हिरवं कोशिएन’ म्हणतात. कोशिएन हे ह्योगो प्रांतातलं १९२४ मध्ये उघडलेलं बेसबॉलचं मैदान, जिथे शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा होते आणि सगळा देश ती पाहतो.

‘शाळकरी पोरं एवढं कुठे खेळतात?’ अशी शंका मनात येईल तेव्हा दोन नावं आठवा. २००७ मध्ये र्‍यो इशिकावा हायस्कूलच्या पहिल्या वर्षात असताना, वयाच्या १५ व्या वर्षी, हौशी खेळाडू म्हणून मन्सिंगवेअर ओपन केएसबी कप ही व्यावसायिकांची स्पर्धा जिंकला. हिदेकी मात्सुयामा जपानच्या कोची प्रांतातल्या मेइतोकु गिजुकु शाळेत घडला आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टाची मास्टर्स जिंकून मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, मिळवणारा पहिला जपानी पुरुष ठरला. तेव्हा त्याचा कॅडी, म्हणजे क्लबची पिशवी सांभाळणारा सहायक, शोता हायाफुजी याने शेवटच्या होलचा झेंडा जागेवर ठेवला, टोपी काढली आणि मोकळ्या मैदानाला वाकून नमस्कार केला. मांगातली मुलं मैदानाला किंवा प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करताना दिसतात तेव्हा ते नाट्य वाढवायला घातलेलं नसतं, रोजची शिस्त असते.

मैदानाबद्दल थोडं. जपानमध्ये बऱ्याच कोर्सवर एका होलला दोन ग्रीन दिसतात. उन्हाळ्यात तग धरणारं कोराई गवत एका ग्रीनवर आणि थंडीत चांगलं राहणारं बेंट दुसरीवर, अशी ही जुनी सोय. नऊ होलनंतर जेवणाची सुट्टी घ्यायची पद्धतही तिथलीच. शहरात सराव होतो तो बहुमजली, जाळ्यांनी वेढलेल्या रेंजवर, ज्याला ते उचिप्पानाशी म्हणतात. मांगातली निम्मी मैत्री तिथेच जुळते.

आठवी पायरी: मालिकेचं साल बघा

२०१९ मध्ये गोल्फचे नियम बरेच बदलले. हरवलेला बॉल शोधायला आधी पाच मिनिटं मिळत, आता तीन. बॉल पुन्हा खेळात आणताना खांद्याच्या उंचीवरून सोडत, आता गुडघ्याच्या उंचीवरून. ग्रीनवरून पट मारताना झेंडा काढावाच लागे किंवा कुणीतरी धरून बाजूला करावा लागे, बॉल भोकातल्या झेंड्याला लागला तर दोन फटक्यांचा दंड. आता झेंडा तसाच ठेवून पट मारता येतो. ‘रोबोट × लेझरबीम’ २०१८ मध्ये संपली, म्हणजे ती जुन्या नियमांची. आजचं थेट प्रक्षेपण पाहून मग ती वाचली तर काही प्रसंग खटकतील. चूक चित्रकाराची नाही.

त्यानंतर काय वाचायचं

‘रोबोट × लेझरबीम’बद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: शेवटाकडे कथा लांब लांब उड्या मारते. शाळेतल्या सामन्यांना सुरुवातीला जो निवांतपणा मिळालाय, तो पुढे मिळत नाही. त्यामुळे पहिले खंड सावकाश वाचा, या मालिकेचं खरं सामर्थ्य तिथे आहे.

तिच्यानंतर केंतो तेरासाका यांची ‘ग्रीन ग्रीन ग्रीन्स’ घ्या. हीसुद्धा ‘वीकली शोनेन जंप’मधलीच, २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. आयुष्यात काय करायचं हे न सुचणारा हायस्कूलचा मुलगा हाकू गोल्फच्या वाटेला लागतो. रोबो जन्मजात गुणी आहे, हाकू शून्यापासून शिकतो, त्यामुळे स्विंग आणि पकड शिकण्याचा भाग इथे जास्त येतो. मी ही दुसऱ्या क्रमांकाला ठेवतो ते याच कारणाने: एव्हाना तुम्हाला हाकूपेक्षा थोडं जास्त गोल्फ येत असतं आणि त्याच्या चुका आधी ओळखता येतात. लहान वयाची पात्रं चालत असतील तर नाकाबा सुझुकी यांची ‘रायझिंग इम्पॅक्ट’ आहे. १९९८ ते २००२ मधली, १७ खंडांची. २०२४ मध्ये तिचा अ‍ॅनिमे नेटफ्लिक्सवर आला. गवेन, लॅन्सलॉट अशी आर्थर राजाच्या कथेतली नावं मुलांना दिली आहेत आणि फटके वास्तवापासून बरेच दूर आहेत, म्हणून ती पहिली घेऊ नका.

मधल्या वेळात टोकियो ऑलिम्पिकच्या गोल्फची चित्रफीत शोधून बघा. स्पर्धा २०२१ च्या उन्हाळ्यात कासुमिगासेकी कंट्री क्लबवर झाली. याच क्लबवर १९५७ मध्ये तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो यांनी कॅनडा कप ही देशांच्या जोड्यांची स्पर्धा जिंकली आणि जपानभर गोल्फचं वेड पसरलं. ऑलिम्पिकमध्ये तिथे आपले अनिर्बान लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने खेळले, आणि अदिती अशोक चौथी आली. अदितीचे शेवटच्या दिवशीचे शेवटचे काही होल बघा. ड्राइव्हमध्ये ती इतरांच्या बरीच मागे राहते आणि पटरच्या बळावर पदकाच्या शर्यतीत टिकून असते. प्रत्येक फटक्याआधी चित्रफीत थांबवा, किती यार्ड उरले ते बघा, क्लब ओळखायचा प्रयत्न करा, मग चालू करा. मांगाचं पान उलटण्याआधी जे करायचं, तेच इथे करायचं.